९२ टक्के हात स्वच्छ, तरी संसर्ग का कमी होत नाही?

तुमचा प्रश्न मी असा समजले. तुम्ही ४० खाटांच्या रुग्णालयात स्टाफ नर्स आहात आणि दोन महिन्यांपूर्वी संसर्ग नियंत्रणाचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. प्रत्येक खाटेशी हँडरबची, म्हणजे हातांवर चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणाची, बाटली आहे, बेसिनवर पोस्टर आहे, दर महिन्याला ट्रेनिंग होतं, ग्लोव्ह्ज सगळेच घालतात. हात स्वच्छतेच्या ऑडिटमध्ये (गरजेच्या प्रसंगांपैकी किती वेळा हात स्वच्छ केले, याच्या पाहणीत) ९२ टक्के आले. तरीही आयसीयूतले सेंट्रल लाइनचे (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचे) आणि लघवीच्या कॅथेटरचे (मूत्राशयात घातलेल्या नळीचे) संसर्ग होते तिथेच आहेत. त्यात तीन-चार जणींचे हात फुटलेत, म्हणून रब बंद करून साबणच ठेवावा असा एक गट म्हणतोय. आणि शेवटी वैतागून तुम्ही विचारलंय की हात धुण्याचं एवढं स्तोम खरंच गरजेचं आहे का.

गरजेचं आहे. पण मला तुमच्या प्रश्नात खटकला तो ९२ चा आकडा. २१ वर्षं मी हेच काम करतेय आणि पहिली काही वर्षं मीही असेच आकडे मोठ्या आनंदाने वर पाठवले आहेत. म्हणून विचारते, ९२ टक्के कशाचे?

त्याआधी एक गोष्ट मान्य करते. तुमचं आयसीयू पाहिल्याशिवाय दोष हातांचाच आहे असं मी ठामपणे म्हणणार नाही. कॅथेटरचा संसर्ग बऱ्याचदा कॅथेटर गरज संपल्यावरही चार दिवस तसाच राहिल्यामुळे होतो. तिथे हात कितीही घासा, औषध एकच, ते म्हणजे कॅथेटर काढणं. सेंट्रल लाइन घालताना पूर्ण निर्जंतुक चादर, गाऊन, मास्क, टोपी वापरली का, त्वचेवरचं क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक वाळू दिलं का, हेही बघावं लागेल. रात्री एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात, त्यावरही बरंच अवलंबून आहे. आणि लहान आयसीयूत एका महिन्यात एक संसर्ग आणि दुसऱ्या महिन्यात तीन, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. तुम्ही नुसते संसर्ग मोजत असाल तर ते थांबवा आणि दर १००० लाइन-दिवसांमागे किती (एका रुग्णाला एक दिवस लाइन असली की एक लाइन-दिवस), दर १००० कॅथेटर-दिवसांमागे किती, असा हिशोब ठेवा. तोही निदान सहा महिन्यांचा एकत्र बघा. एवढं करून चित्र बदललं नाही, तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

आता त्या आकड्याकडे येते. ऑडिट कोणी केलं? बहुतेक तुम्ही किंवा तुमच्यासारखीच ओळखीची सिस्टर, हातात फॉर्म घेऊन, सकाळच्या राउंडच्या वेळी. फॉर्म दिसला की हात आपोआप बाटलीकडे जातात, त्यात कोणाची लबाडी नसते. शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर वर्ग शांत बसतो, तसंच हे. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते या संसर्ग नियंत्रणाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. तिथे १९९४ मध्ये हात स्वच्छतेचं प्रमाण ४८ टक्के होतं, खाटेपाशी हँडरब आणि सततचा पाठपुरावा यांमुळे १९९७ पर्यंत ते ६६ टक्क्यांवर गेलं. १९९४ ते १९९८ या काळात रुग्णालयात लागणाऱ्या संसर्गाचं प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. सगळं श्रेय एकट्या हातांचं नसेल, इतर उपायही चालू होते. तरी लक्षात घ्या, त्यांना फरक दिसला तो ६६ टक्क्यांवर. तुमच्याकडे ९२ टक्क्यांवर पानही हलत नाही, म्हणजे आकडा फुगलाय किंवा भलतंच काही मोजलं जातंय.

फुगलाय का, हे तपासायला एक सोपा मार्ग आहे आणि त्याला कोणाच्या मागे उभं राहावं लागत नाही. स्टोअरमध्ये जा आणि गेल्या महिन्यात आयसीयूत किती लिटर हँडरब संपलं ते विचारा. त्याला त्या महिन्यातल्या एकूण रुग्ण-दिवसांनी भागा. समजा उत्तर आलं रुग्णामागे रोज ३० मिलीलिटर. एका वेळी नीट हात भिजायला साधारण ३ मिलीलिटर लागतं, म्हणजे चोवीस तासांत एका रुग्णाभोवती सगळ्यांनी मिळून दहा वेळा रब वापरलं. आयसीयूतल्या रुग्णाला चोवीस तासांत किती हात लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. नुसत्या चार तासांच्या कामात दहा पूर्ण होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वमूल्यमापनाच्या तक्त्यात १००० रुग्ण-दिवसांमागे किमान २० लिटर हा टप्पा धरला आहे, पण तो अख्ख्या रुग्णालयासाठी. आयसीयूत तेवढ्यावर समाधान मानू नका. साबणाने धुतलेले हात या हिशोबात येत नाहीत आणि बाटल्या घरीही जातात, हे खरं. तरी खोटा ९२ पकडायला हा हिशोब पुरतो.

आता भलतंच मोजलं जाण्याबद्दल. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच्यावर.

हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण तुम्ही पोस्टरवर पाहिलेच असतील: रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, शरीरस्रावांशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावून झाल्यावर. यातले दोन ‘आधी’चे, तीन ‘नंतर’चे. ‘आधी’चे क्षण रुग्णाला वाचवतात. ‘नंतर’चे आपल्याला, आणि आपल्यामार्फत पुढच्या रुग्णाला. आता तुमचा ऑडिटचा कागद काढा आणि प्रत्येक क्षणाचा हिशोब वेगळा मांडा. मी आजवर जिथे जिथे असे कागद पाहिले, तिथे ‘नंतर’चे रकाने भरलेले आणि ‘आधी’चे, विशेषतः दुसऱ्या क्षणाचे, जवळजवळ कोरे. कारण साधं आहे. हाताला काही लागल्यासारखं वाटलं, किळस आली, की माणूस हात धुतो. ती सवय लहानपणापासूनची आहे. लाइनच्या हबला (जिथे सिरिंज जोडतात त्या तोंडाला) हात लावण्याआधी मात्र हाताला काहीच लागलेलं नसतं, हात स्वच्छच दिसतात. तिथे किळस मदतीला येत नाही.

एक प्रसंग सांगते. एका आयसीयूत मी फॉर्म न घेता, फाइल चाळत असल्यासारखी कोपऱ्यात बसले होते. सिस्टर हुशार, हाताला वळण असलेली. आल्या, रब घेतलं, ग्लोव्ह्ज घातले. लघवीची पिशवी रिकामी केली. त्याच हातांनी चादर सारखी केली. मॉनिटर वाजला, तो बंद केला. इन्फ्युजन पंपाचा वेग बदलला. आणि त्याच ग्लोव्ह्जनी सेंट्रल लाइनचं टोपण काढून इंजेक्शन दिलं. मग ग्लोव्ह्ज काढले, हात रब केले आणि गेल्या. ऑडिटच्या नेहमीच्या फॉर्मवर हे कसं दिसलं असतं? आल्यावर रब, बरोबर. जाताना रब, बरोबर. शंभर टक्के. लघवीच्या पिशवीपासून थेट रक्तात जाण्याचा रस्ता मात्र मधल्या दोन मिनिटांत मोकळा झाला होता. त्या बाईंना मी नंतर हे सांगितलं तेव्हा त्या खरोखर चक्रावल्या. म्हणाल्या, ‘पण मी तर ग्लोव्ह्ज घातले होते ना!’

या वाक्यात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. ग्लोव्ह्ज घातले की हात संपले, असं आपल्या डोक्यात बसलंय. पण जंतूंच्या दृष्टीने ग्लोव्ह म्हणजे दुसरी कातडीच. ती घातलेल्या हाताने पिशवी धरली की पिशवीचे जंतू तिच्यावर बसणार आणि पुढे जिथे हात लावाल तिथे उतरणार. उघड्या हाताला निदान काहीतरी लागल्याची जाणीव होते, ग्लोव्ह्जमध्ये तीही जाते. शिवाय ग्लोव्ह्जना बारीक छिद्रं असू शकतात आणि काढताना मनगट हमखास खराब होतं, म्हणून काढल्यावरही हात स्वच्छ करावेच लागतात. रक्त, लघवी, थुंकी, जखम यांच्याशी संबंध येणार असेल किंवा रुग्ण संपर्क-विलगीकरणात (स्पर्शाने पसरणाऱ्या जंतूंमुळे वेगळा ठेवलेला) असेल तर ग्लोव्ह्ज हवेतच. नाडी बघायला, औषधाची गोळी द्यायला, चादर बदलायला एरवी नकोत. ‘सगळे ग्लोव्ह्ज घालतात’ असं तुम्ही कौतुकाने लिहिलंय, मला तिथेच धोक्याची घंटा वाजली.

हा ‘आधी’चा मुद्दा नवा नाही, आणि त्याची एक गोष्ट मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगते. व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी प्रसूती विभागात क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. तिथे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात सूतिकाज्वराने, म्हणजे बाळंतपणानंतरच्या तापाने, बायका कितीतरी जास्त मरत. एप्रिल १८४७ मध्ये तिथला मृत्युदर १८ टक्क्यांच्या आसपास होता, मे महिन्यात हात धुणं सुरू झालं आणि जूनमध्ये तो साधारण २ टक्क्यांवर आला. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर आधीही साबणाने हात धूत होते बरं का. हात दिसायला स्वच्छ होते, पण मुडद्याचा वास जात नव्हता. तो वास घालवणारं द्रावण म्हणून सेमेलवाइस यांनी क्लोरीन निवडलं.

पण मी सांगते ती गोष्ट याच्या पुढची आहे. त्यांचा समज होता की दोष फक्त प्रेतांतून येतो. त्यामुळे हात धुवायचे ते विभागात शिरताना. एकदा आत आलं की एका बाईकडून दुसरीकडे जाताना नुसता साबण पुरे. मग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाची, स्राव वाहत असलेली एक बाई दाखल झाली. तिची खाट अशी होती की राउंड तिच्यापासूनच सुरू होई. तिला तपासून हात साबणाने धुऊन मंडळी पुढे गेली आणि तिच्यासोबत बाळंत झालेल्या बारापैकी अकरा बायका दगावल्या. त्यानंतर नियम बदलला: क्लोरीनने हात दोन रुग्णांच्या मध्येही धुवायचे. दारात धुतलेले हात खाटेपर्यंत पोचेस्तोवर तसेच राहत नाहीत, हे त्यांना पाच महिन्यांत कळलं. आपल्याकडे अजूनही आयसीयूच्या दारातली बाटली सगळ्यात आधी रिकामी होते.

तेव्हा तुम्ही करायचं काय? ट्रेनिंग वाढवू नका. लोकांना माहिती कमी आहे असं मला वाटत नाही. त्या सिस्टरना पाचही क्षण तोंडपाठ होते. अडतं ते कामाच्या क्रमात आणि बाटलीच्या जागेत. दुसरा क्षण रुग्णाच्या खाटेशीच, कामाच्या मधोमध येतो. बाटली खाटेच्या पायथ्याशी अडकवलेली असेल आणि तुम्ही डोक्याशी लाइनजवळ उभ्या असाल, तर चार पावलं मागे जाऊन कोणी रब घेणार नाही. बाटली हाताच्या अंतरावर हवी. म्हणजे इंजेक्शनच्या ट्रेवर एक आणि ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर एक. आणि क्रम ठरवा. पडदा ओढणं, खाट वरखाली करणं, पंपाची बटणं, मॉनिटर, हे सगळं आधी उरका. सिरिंज भरलेली, स्वॅब उघडलेले, सगळं हाताशी मांडून ठेवा. मग हात रब करा, वाळू द्या, आणि त्यानंतर हब सोडून कशालाही हात लावायचा नाही. हबही स्वॅबने घासून पुसायचा आणि वाळू द्यायचा. ‘रब ते हब’ यांच्या मध्ये काहीही येता कामा नये, असं आम्ही म्हणायचो. यमक ओढूनताणून जुळवलंय, पण नव्या मुलींच्या लक्षात राहिलं.

पद्धतीबद्दल थोडक्यात. पोस्टरवरच्या पायऱ्या तंतोतंत त्याच क्रमाने झाल्या पाहिजेत यावर मी फार वाद घालत नाही. मी बघते ती बोटांची टोकं आणि अंगठे. घाईत सगळे तळवे छान चोळतात, आणि हबला, टाक्यांना, कॅन्युलाला लागतात ती बोटांची टोकं. म्हणून मी सुरुवातच टोकांपासून करायला शिकवते: रब तळव्यात घेतलं की आधी दुसऱ्या हाताची बोटं त्यात बुडवा. २० ते ३० सेकंद हात ओले राहायला हवेत. दहा सेकंदांत वाळले तर कमी घेतलं. नखं अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवा. कृत्रिम नखं आयसीयूत अजिबात नकोत आणि अंगठ्याही ड्युटीपुरत्या काढून ठेवा.

आता साबण की रब. तुमच्याकडच्या त्या गटाचं म्हणणं मला समजतं, कारण फुटलेल्या हातांवर रब पडलं की झोंबतं आणि दोष त्यालाच मिळतो. पण कातडी बहुधा आधीच साबणाने उललेली असते. वारंवार साबण, गरम पाणी, पेपरने खसाखसा पुसणं आणि अर्धवट ओल्या हातांवर ग्लोव्ह्ज, यांनी त्वचेतला स्निग्धांश निघून जातो. रबमध्ये ग्लिसरीनसारखं काहीतरी घातलेलं असतं, म्हणून ते त्वचेला एकूण साबणापेक्षा सौम्य पडतं. सगळ्यात वाईट सवय म्हणजे आधी साबणाने धुणं आणि लगेच वर रब. दोन्हीची गरज एका वेळी नसते. हात ओले असतील तर रब पातळ होऊन त्याचा जोरही कमी होतो. ज्यांचे हात फुटलेत त्यांना दिसणारी घाण नसेल तेव्हा फक्त रब, धुवायचंच झालं तर कोमट किंवा गार पाणी, टिपून पुसणं आणि ड्युटीच्या सुरुवातीला, मधल्या सुट्टीत, घरी जाताना क्रीम, असं दोन-तीन आठवडे करून बघू द्या. तरी पुरळ, फोड, भेगा राहिल्या तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. रबची खरी ॲलर्जी क्वचितच असते, बऱ्याचदा ग्लोव्ह्जमधल्या रबराची किंवा रसायनांची निघते. आणि भेगा पडलेल्या हातांवर जंतू जास्त टिकतात, म्हणून हात फुटणं ही त्या मुलींची खासगी तक्रार समजू नका, तुमच्या कामाचाच भाग समजा.

वेळेचंही गणित आहे. साबणाने नीट धुवायला ४० ते ६० सेकंद, शिवाय बेसिनपर्यंत जाणं-येणं वेगळं. तासाला वीस वेळा हात स्वच्छ करायचे म्हटलं तर तासातली वीस-पंचवीस मिनिटं बेसिनपाशी. हे कोणी करणार नाही आणि करूही नये. तिथे मग हात धुणंच गळतं.

साबण-पाणी कधी हवंच? हात दिसायला खराब झाले असतील, रक्त किंवा स्राव लागला असेल तेव्हा. आणि क्लॉस्ट्रिडिओइडीस डिफिसिल या जंतूचा जुलाब असलेल्या रुग्णाकडे. त्याचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत, ते चोळून पाण्याबरोबर वाहूनच घालवावे लागतात, आणि तिथे ग्लोव्ह्ज सक्तीचे. नोरोव्हायरसच्या उलट्या-जुलाबांची साथ असेल तेव्हाही साबणच बरा. बाकी रोजच्या जिवाणूंसाठी ६० ते ८० टक्के अल्कोहोलचं रब साबणापेक्षा सरस आहे. कोणीतरी जास्त ‘स्ट्रॉंग’ म्हणून शुद्ध अल्कोहोल मागवायची सूचना करेलच. ते नको. अल्कोहोल जंतूंची प्रथिनं मोडतं आणि त्याला त्यासाठी थोडं पाणी लागतं. निर्जल अल्कोहोलचा परिणाम उलट कमी होतो.

जाता जाता साबणाच्या डिस्पेन्सरमध्येही डोकावा. अर्ध्या भरलेल्या बाटलीत वरून नवा साबण ओतत राहिलं की तळाशी जंतूंची वस्ती होते. बाटली रिकामी करा, धुवा, वाळवा, मग भरा. शक्य असेल तर बंद पिशवीचेच घ्या.

मोठे डॉक्टर हात न धुता राउंड घेतात, त्यांना कसं सांगायचं, हेही तुम्ही विचारलंय. मी सांगत नाही, बाटली पुढे करते. राउंड सुरू होताना रब घेऊन शेजारी उभी राहते आणि प्रत्येक खाटेशी आधी स्वतः घेते, मग त्यांच्यासमोर धरते. बोलायची वेळ क्वचितच येते. एकदा एक वरिष्ठ सर्जन चिडले होते, ‘मला शिकवताय का?’ म्हणून. मी म्हटलं, नाही सर, घेताय ना, म्हणून धरलीय. त्यांनी घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे रेसिडेंट न सांगता घ्यायला लागले, तेवढं मला पुरे होतं.

तुमच्यासाठी पुढच्या महिन्याचं काम एवढंच ठेवा. पाचही क्षण मोजू नका. फक्त दुसरा मोजा, फक्त सेंट्रल लाइनपाशी, आणि निम्मी पाहणी रात्रीच्या ड्युटीत करा. हबला हात लागण्याआधी लगेच रब झालं का, हो किंवा नाही. तसे पन्नास प्रसंग जमले की थांबा. आकडा ३० किंवा ४० टक्के आला तर घाबरू नका, आणि तो दडवू तर मुळीच नका. वर पाठवताना सोबत लिहा की आधीचे ९२ टक्के सकाळच्या राउंडचे आणि सगळे क्षण मिसळून काढलेले होते, आणि खाली ट्रे-ट्रॉलीवर किती बाटल्या लागतील ती मागणी जोडा. कागदावर कोणाही सिस्टरचं नाव घालू नका. घातलंत तर पुढच्या महिन्यात पुन्हा ९२ येतील.